नाका

जांबोटी सोडून कणकुंबीकडं जाताना
जुन्या रस्त्यावर फॉरेस्टचा नाका होता.
नवा रस्ता टेकडीपलीकडून झाला,
लाकडाचे ट्रक तिकडून जायला लागले.
नाका बंद करायचा हुकूम मात्र कुणी काढला नाही.
बाचा पगार येत राहिला
आणि आम्ही चौघं तिथंच राहिलो.
एक खोली, एक पडवी,
आणि रस्त्यावर आडवा बांबू,
एका टोकाला दोरी, दुसऱ्या टोकाला धोंडा.

बा दर शनिवारी बांबूला रंग द्यायचा,
एक पट्टा लाल, एक पांढरा.
शेळी आली की बांबू खाली, “पास दाव गे!”
जोत्या हसून लोळायचा.
मीही.

मार्गशीर्षात कधीतरी सुरू झालं.
दिवसा बा आमच्याशी मराठी बोलायचा,
रात्री रस्त्याशी कानडी.
सायबाशी बोलावं तसं, ताठ उभं राहून.
“निल्लरि. एल्लि होंटीरि?”
मग कान देऊन ऐकायचा,
मान हलवायचा,
दोरी सोडायचा.
आई म्हणाली, गवा असंल.
गव्याला कोण री लावतं?

सकाळी मी वही उघडली.
वेळ: १.४०. गाडी: नाही. माणसं: सात.
कुठून, तिथं रिकामं.
माल: ओले पाय.
तिसरीत होते मी. घरात वाचता येणारी
बाच्या खालोखाल मीच.

मग एक दिवस त्यानं घरात चुन्याची रेघ मारली,
चूल एका अंगाला, अंथरुणं एका अंगाला.
आई तांब्या घेऊन निघाली,
“पास?”
आई हसली.
दुसऱ्या दिवशी तिनं गुळाच्या कागदावर
कोळशानं फुली काढून दिली.
त्यानं ती उजेडाला धरली, उलटी केली,
घडी घालून खिशात ठेवली.
तिसऱ्या दिवशी म्हणाला, ही जुनी झाली.
त्या दिवशी आम्ही जेवलो नाही.
जोत्या रेघेपाशी बसून बोटानं चुना उकरत राहिला,
इवलंसं भोक पडेपर्यंत.
बानं ते बघितलं. काही बोलला नाही.
नुसतं बघितलं.

त्या सांजेला वहीत नवी ओळ होती,
तारीख उद्याची.
वेळ: ३.१०. जाणार: बाई एक, पोर एक.
मी दोनदा वाचलं.
पोर एक.
आम्ही तर दोघं होतो.

आईला अक्षर येत नव्हतं.
मी तिला सांगितलं नाही.
जोत्याला पण नाही.
त्या रात्री आईच्या कुशीतली माझी बाजू मी सोडली नाही,
तिच्या पदराचं टोक मनगटाला गुंडाळलं,
आणि गाठ मारली.

आईनं उठवलं तेव्हा तिचा हात माझ्या तोंडावर होता.
बाहेर दोरी कुरकुरली. बांबू वर गेला.
बा कंदील धरून उभा होता,
टोपी नीट, बटणं लावलेली.
आई मला ओढत बांबूखालून गेली,
धुक्यात वीस पावलं,
मग थांबली. “जोत्या कुठाय?”
मागं बांबू खाली आला.
बाचा आवाज, अगदी मायेचा,
“तू ऱ्हा बाळा. तू रेघ मोडलास.”

आई परत धावली. मनगटाला बांधलेली मीही धावले.
नाक्यावर कुणी नव्हतं.
कंदील खाली ठेवलेला, जळत.
वही उघडी.

सकाळी जांबोटीहून माणसं आली,
गार्ड आले, कुत्री आली.
कुत्री बांबूपर्यंत गेली आणि बसली.

आता मी अनगोळात राहते, तिसऱ्या मजल्यावर.
जनगणनेवाली बाई विचारते, भावंडं किती?
मी पेन मागून घेते,
रकाना मीच भरते.

आई गेली त्या वर्षी एकदाच तिकडं गेले.
छप्पर पडलेलं, पडवीत करवंदीची जाळी.
बांबूवरचा रंग
बोटाला लागला.
ओला होता.
शनिवार होता तो.

रेघेतलं भोक कुणीतरी चुन्यानं भरून घेतलं होतं,
लहान बोटांनी,
घाईघाईत.